कंदीलवालीचा वार

मी ‘हाक’ दाबून तीन दिवस झाले होते आणि पलीकडून काही उत्तर नव्हतं. मोबाइलच्या पडद्यावर एक दगडी राक्षस हात वर करून थांबलेला. त्याच्यासमोर माझा तलवारवाला, जेमतेम जीव उरलेला. त्याच्या मागे कंदील घेतलेली बाई. तिघंही श्वास घेतल्यासारखे जरा वरखाली होत होते, बाकी काही हलत नव्हतं. पाळी कंदीलवालीची होती. कंदीलवाली म्हणजे माझी बायको, आणि माझी बायको अमरावतीत होती.

मी अकोल्यात, घराच्या पुढच्या खोलीत येरझारा घालत होतो. मला मुळातच दम नाही. कुकरच्या तिसऱ्या शिटीपर्यंतही मला थांबवत नाही, दुसरी झाली की मी उठून गॅसपाशी जातो. आई म्हणते, ‘याच्या पायाले भिंगरी हाये.’ त्या तीन दिवसांत मी दर अर्ध्या तासाला मोबाइल उघडत होतो. वर्गात निबंध लिहायला देऊन खिडकीपाशी उघडत होतो, हेही कबूल करून टाकतो.

हा खेळ आमच्या घरात सुट्टीत आणला मुलीनं. ती तेव्हा अकरा वर्षांची. तिनं माझ्या आणि तिच्या आईच्या मोबाइलमध्ये तो टाकून दिला, चार दिवस आम्हाला शिकवलं आणि पाचव्या दिवशी तिला कंटाळा आला. आम्ही मात्र अडकलो. दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक, दोघंही चाळिशीपलीकडचे. शाळेत कोणाला कळलं असतं तर वर्षभर टिंगल झाली असती.

खेळ दोघांनी खेळायचा. एक नायक, दुसरा सोबती. बर्फाच्या डोंगरातून वाट काढत वरच्या किल्ल्यापर्यंत जायचं, वाटेत एकेक राक्षस. सगळं पाळीनं चालतं. आधी नायक वार करतो, मग सोबती, मग राक्षस, आणि आपली पाळी येईपर्यंत बोट लावायचं नाही. ज्यानं खेळ सुरू केला तो नायक, असा नियम. सुरू मी केला होता. मुलीनं आधी माझा मोबाइल हातात घेतला, एवढंच त्याचं कारण.

कंदीलवालीचा रोजचा वार अगदीच साधा, काठीचा एक टोला. पण प्रत्येक टोल्यासोबत तिच्या कंदिलात थोडा उजेड साठतो, आणि उजेड साठेल तशी ती एकेक पायरी वर चढते. कंदील पूर्ण भरायला आमच्या वेगानं महिना-सव्वा महिना लागायचा. तो भरला की तिला एकच मोठा वार करता येतो. ती कंदील फोडते. साठलेला सगळा उजेड एकदम बाहेर पडतो, पडदा पांढराफटक होतो, आणि समोर कितीही मोठं धूड असो, ते उरत नाही. नायकाचा जीवही पुन्हा भरून येतो. ती स्वतः मात्र पहिल्या पायरीवर जाते. पुन्हा रिकामा कंदील, हातात काठी, आणि नायकाच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालणं.

हा वार तिला आपणहून करता येत नाही, आणि नायकाला तो तिच्याकडून परस्पर करवूनही घेता येत नाही. नायकानं ‘हाक’ द्यायची. मग तिच्या मोबाइलवर प्रश्न उमटतो, ‘देणार का?’ खाली हो आणि नाही. खेळ इंग्रजीत होता, आम्ही आपसात त्याचं असं मराठी करून घेतलं होतं.

पहिल्यांदा तिनं तो वार केला तेव्हा मी बसमध्ये होतो. मूर्तिजापूर नुकतंच मागे पडलं होतं. पडदा पांढरा झाला, राक्षस विरघळला, माझ्या तलवारवाल्याच्या अंगात जीव आला, आणि मी चांगलाच मोठ्यानं ‘वा’ म्हणालो. शेजारच्या बाबांना वाटलं क्रिकेट आहे. त्यांनी विचारलं, ‘कोन जितलं?’ मी म्हणालो, ‘आपनच.’ घरी पोचेपर्यंत मला इतकं बरं वाटत होतं, की दारातच मी तिला म्हणालो, ‘काय मारलं तू.’ ती हसली. त्यानंतर मी तो वार पाच वेळा मागितला आणि पाचही वेळा तिनं दिला. एकेक महिना ती काठीनं टोले मारत उजेड साठवायची आणि मी तो पहिल्या अडचणीला खर्च करून टाकायचो. मला वाटायचं, खेळ आहेच तसा.

आमचं जगणं शनिवारी दुपारी सुरू व्हायचं आणि सोमवारी पहाटे संपायचं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी अमरावतीची बस धरायचो, सोमवारी पहिल्या बसनं परत. असं लग्नापासून. मधल्या पाच दिवसांत फोनवर बोलणं व्हायचं ते मुलीचा सर्दी-खोकला, आईच्या गोळ्या आणि गॅसचा नंबर लावला का एवढंच. खेळ आल्यापासून एक तरी गोष्ट अशी होती जी आम्ही दोघं मिळून करत होतो. म्हणूनच ती पाळी खेळली नाही की माझ्या जिवाची घालमेल व्हायची. ती रागावली आहे, आजारी आहे की मला विसरली आहे, इथपर्यंत माझं डोकं पोचायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला.

‘कावून खेळून नाई राहिली तू?’

‘पेपर तपासून राहिली,’ ती म्हणाली.

‘दोन सेकंदाचं काम हाये. हो दाबाचं फक्त.’

‘कंदील आत्ताच भरला हाये. जरासं चालू द्या नं मले. भरल्या कंदिलानं कसं चालते, ते पायलंच नाई मी अजून.’

‘मी मरून राहिलो इथी.’

‘मी काठीनं मारते, तुमी ढाल धरा. चार पाळ्या जास्त लागतील, अजून काय?’

मी हिशेब केला. चार पाळ्या म्हणजे चार-पाच दिवस. तेवढे दिवस ढाल धरून उभं राहायचं म्हणजे माझ्या अंगावर काटाच. मी म्हणालो, ‘खेळाचं नसंल तं तसं सांग.’ हे बोलणं बरं नव्हतं, ते मला तेव्हाही कळलं. पलीकडे लाल पेन कागदावर चालतच राहिलं. मग तिनं फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी माझा पडदा पांढरा झाला.

त्याच आठवड्यात आंतरजिल्हा बदलीचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले. नवरा-बायको दोन जिल्ह्यांत नोकरीला असले तर त्यांतल्या एकाला दुसऱ्याच्या जिल्ह्यात जाता येतं. पण जो जातो त्याची आजवरची सेवाज्येष्ठता तिथं धरत नाहीत. नव्या जिल्ह्याच्या यादीत तो सगळ्यांत शेवटी, काल नोकरीला लागलेल्यांच्याही खाली.

तिची नोकरीची सोळा वर्षं झाली होती, लग्नाचीही तेवढीच. मुख्याध्यापकपदाच्या यादीत तिचं नाव चौथं होतं, आणि वरचे दोघं पुढच्याच वर्षी निवृत्त होणार होते. ती यादी तिनं कपाटात साड्यांच्या घडीखाली जपून ठेवली होती, आपल्या नावाखाली पेन्सिलनं बारीक रेघ मारून. ती यादी मी पाहिली होती, हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो. माझं स्वतःचं नाव आमच्या यादीत शोधायला चष्मा लावून पान उलटावं लागायचं. म्हणजे गमवायला तिच्याकडे होतं, माझ्याकडे फारसं नव्हतं. तरीही तिनंच अकोल्याला यायचं, हे आमच्या घरात कोणी ठरवलं नव्हतं आणि ते ठरलेलंच होतं. अकोल्यात आमचं स्वतःचं घर, अकोल्यात आई. शाळेतले सहकारी म्हणायचे, ‘म्याडमले आना आता इकडे.’ मी म्हणायचो, हो, आणतो. जणू स्टँडवरून आणायचं आहे.

आमच्याकडे ऑनलाइनची सगळी कामं माझी. प्रशिक्षणाची नोंदणी असो, आधार जोडणं असो की मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, दोघांचे पासवर्ड माझ्या वहीत. तिचा वाटा एवढाच, की तिच्या मोबाइलवर ओटीपी आला की मी फोन करायचा आणि तिनं तो सांगायचा. हजेरी घेतल्यासारखी ती एकेक आकडा म्हणायची. कशाचा, हे ती विचारायची नाही आणि मी सांगायचो नाही. इतक्या वर्षांत तिनं सांगितलेला एकही ओटीपी चुकला नव्हता. गणित शिकवते ती.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर मी तिच्या नावानं लॉगिन केलं आणि अर्ज भरला. जिल्हा बदलून हवा, अकोला. कारण, पती-पत्नी एकत्रीकरण. रविवारी शेवटची मुदत होती. शेवटचं बटण दाबलं आणि फोन लावला.

‘ओटीपी आला असंल. सांग.’

‘कायचा?’ ती म्हणाली.

हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मला उगाच चिडल्यासारखं झालं.

‘बदलीचा. अजून कायचा?’

नेहमीच्या आवाजात तिनं सांगितलं, ‘चार, सात, एक, तीन, शून्य, पाच.’

मी टाकला. चुकीचा आहे, असं आलं. ‘परत सांग,’ मी म्हणालो. तिनं परत सांगितलं, सावकाश, एकेक आकडा सुटा करून. चुकीचा. तिसऱ्यांदा सांगितलं, मी ओरडल्यावर. चुकीचा. मग पडद्यावर सूचना आली, आज आणखी प्रयत्न करता येणार नाही, उद्या करा. मी नेटवर्कला शिव्या घातल्या, लॅपटॉप आपटला. ती म्हणाली, ‘जेवून घ्या,’ आणि फोन ठेवला.

शनिवारी अमरावतीला पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मुलगी शिकवणीला गेली होती. तिचा मोबाइल फ्रिजवर चार्जिंगला होता. मी तो उचलला. आता तिला विचारायचीही गरज नाही, मोबाइलच हातात आहे, असा साधा विचार माझ्या डोक्यात होता. संदेशांत कालचा ओटीपी वरच होता. चार, सात, एक, आठ, शून्य, पाच.

तिनं तीन सांगितला होता. तिथे आठ होता. बाकीचे पाच आकडे बरोबर, हा एक चुकीचा, आणि तिन्ही वेळा तोच.

मी मोबाइल होता तसा ठेवला आणि गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. मला भयंकर राग आला होता. खोटं बोलली, तेही इतकं शांतपणे, तीनदा. भांडायचं होतं तर भांडली असती. मी काय वाघ आहे का, की नाही म्हटलं तर खाईन? मग फेऱ्या घालता घालता मला आठवायचा प्रयत्न करावासा वाटला, की तिनं मला याआधी ‘नाही’ कधी म्हटलं होतं. लग्नाच्या वर्षापासून सुरुवात केली. साडीचा रंग, मुलीचं नाव, सुट्टीत कुठं जायचं, गाडी कोणती घ्यायची. एकही आठवलं नाही. ‘बरं’ आठवलं, ‘तुमी म्हनान तसं’ आठवलं, ‘पाहू’ आठवलं. पायाखाली गच्ची तापलेली होती आणि मी चपला खालीच विसरलो होतो.

इथं मला असं लिहायला आवडलं असतं, की मग माझे डोळे उघडले आणि मी प्रेमानं पुढचं केलं. तसं झालं नाही. मी रागातच खाली आलो. लॅपटॉप उघडला, तिच्या नावचा अर्ज बंद केला आणि माझ्या नावानं लॉगिन केलं. जिल्हा बदलून हवा, अमरावती. कारण, तेच. घे, असं मनात म्हणत मी एकेक रकाना भरला. ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला. ती आतून चहाला हाका मारत होती तेव्हा मी शेवटचं बटण दाबलं.

रविवारी शेवटचा दिवस आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दुपारी आम्ही मुलीसाठी चपला आणायला गेलो. तिघांनी उसाचा रस घेतला, आणि सबंध दिवस ती माझ्याकडे अशी बघत होती, की आता बोलेल, आता बोलेल. मीही तसाच बघत असणार.

सोमवारच्या बसमध्ये मी खेळ उघडला. नवा राक्षस आला होता, आणि कंदीलवाली पहिल्या पायरीवर होती. मी माझ्या तलवारवाल्याचे सगळे वार एकेक करून वाचून काढले. तलवारीचे, ढालीचे, आगीचे, पळून जाण्याचे. आठ-नऊ महिने मी ते वापरत होतो, पण पूर्ण वाचले पहिल्यांदाच. त्यांतल्या एकाही वारानं नायकाचं स्वतःचं काही कमी होत नव्हतं. फार तर एक पाळी विश्रांती. आपलं साठवलेलं फोडून टाकायची सोय त्याला दिलेलीच नव्हती. बडनेरा ते मूर्तिजापूर मी नुसतं तेच बघत बसलो आणि त्या दिवशी हाक न देता ढाल धरली.

बदलीची यादी यायला उन्हाळा लागला. तिला ती शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिसली. शाळेच्या वेळात तिनं मला कधी फोन केला नव्हता, त्या दिवशी केला.

‘यादीत तुमचं नाव कावून हाये?’

‘अर्ज भरला म्हनून.’

‘आईले सांगितलं?’

‘नाई.’

‘मंग आधी त्याइले सांगा,’ ती म्हणाली आणि तिचा आवाज इतका बदलला होता, की मी तासाची घंटा झाल्यावरही व्हरांड्यातच उभा राहिलो.

आई दोन दिवस धड बोलली नाही. धाकटा भाऊ शेजारच्याच गल्लीत राहतो म्हणून निभावलं. पूर्वीच्या सेवाज्येष्ठतेवर हक्क सांगणार नाही, असं हमीपत्र मी सही करून दिलं. सही नेहमीपेक्षा लहान आली. यादीत शेवटचा म्हणून शाळा निवडायची पाळीही शेवटी. उरल्या होत्या त्या मेळघाटातल्या. चिखलदऱ्याच्याही पुढची एक शाळा मला मिळाली. अकोल्याचे सहकारी पोट धरून हसले. अकोला ते अमरावती जेवढं, जवळपास तेवढंच ते अंतर, वर घाटाची वळणं. एकत्रीकरण झालं ते असं, की आता आम्ही एकाच जिल्ह्यात लांब लांब राहणार होतो.

रुजू व्हायच्या दिवशी ती परतवाड्यापर्यंत सोबत आली. तिनं शाळेत रजा टाकली होती. पुढं शेअर जीप, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही. माझी वळकटी आणि बॅग टपावर चढवून आम्ही बाजूच्या टपरीवर चहा घेतला. चार माणसं झाली होती, अजून सहा यायची होती. मी एकदा जीपकडे बघत होतो, एकदा घड्याळाकडे. इतके महिने जे पोटात होतं ते तिथंच बाहेर पडलं.

‘तू तीन सांगितला होता,’ मी म्हणालो. ‘आठ होता.’

तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘कवा पायलं?’

‘दुसऱ्याच दिवशी.’

‘म्हनून भरला तुमी अर्ज?’

‘हो. रागानं भरला.’

‘माहीत हाये,’ ती म्हणाली. ‘तुमी चांगल्या मनानं भरला असता तं त्याच दिवशी मले दहादा सांगितलं असतं.’

हे इतकं खरं होतं की मला हसू आलं. तिला आलं नाही. ती जीपच्या मागच्या चाकाकडे बघत होती.

‘सरळ नाई म्हनाची होती,’ मी म्हणालो. ‘मी काय जबरदस्ती केली असती?’

‘कोनाले नाई म्हनू?’ ती म्हणाली. ‘तुमी विचारलं कुठी? तुमी आकडे मागतले, मी आकडे देल्ले. सोळा वर्सं झाले, मी वाट पाहून राहिली, कवातरी हा मानूस विचारंल, तुले अकोल्याले याचं हाये का म्हनून. मंग मी सांगनार होती, नाई म्हनून. भांडनार नव्हती, काई नाई. तोंडानं एकदा नाई म्हनाचं होतं मले. आता तुमीच सारं सोडून आले. आता मी नाई कायले म्हनू?’

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आता विचारतो, असंच काहीसं म्हणणार होतो बहुतेक. तेवढ्यात एक घोळका आला, बायका, पोती, दोन कोंबड्या, आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती उठली, माझा न संपलेला चहा तिनंच पिऊन टाकला आणि म्हणाली, ‘जा. गाडी भरली.’